मौला म्हणे

शाहीर आकाराम चौगले सकाळी कशासाठी उठतात, हे त्या दिवशी एका पडद्यावर दिसणार होतं; आणि तिथं आपलंच नाव निघणार, याबद्दल त्यांच्या लेकीच्या, शिवलीलेच्या, मनात तिळाएवढीही शंका नव्हती.

शंका यावी तरी का? सोळा वर्षं झाली, आबांच्या पोटात जाणारा पहिला घोट तिच्या हातचा. तिचं लग्न तिसऱ्या वर्षीच उसवलं, ती माहेरी परतली. मग आई गेली. मग आबांच्या डोळ्यांतला पडदा झिजला आणि अक्षर दिसायचं बंद झालं. तेव्हापासून म्हाताऱ्याचे हात, पाय, डोळे, सगळं तीच. पहाटे चारला उठून त्यांचं पाणी तापवायचं, पाचला गावच्या दूध संस्थेत जाऊन दुधाचं फॅट काढायला, म्हणजे स्निग्धांश मोजायला, बसायचं, आठला परत यायचं. गावातल्या बाया म्हणायच्या, "लेक असावी तर अशी."

तालुक्याच्या गावी सरकारनं 'पहाट केंद्र' काढलं होतं. भिंतीवर एकमेकांत गुंतलेल्या चार वर्तुळांचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात 'इकिगाई'. डॉक्टर मृणाल टेंगशे तिथं तीन वर्षं होत्या.

"जपानी शब्द आहे, आजोबा," त्यांनी समजावलं. "इकि म्हणजे जगणं. गाई म्हणजे त्याचं मोल. ज्याच्यासाठी अंथरुणातून उठावंसं वाटतं, ते."

"एकी गाई?" आबांनी कानाला हात लावला. "एकी गाई, तर दुसरी काय करती?"

"दुसरी कोण?"

"सामन्यात एकट्यानं गाऊन काय उपेग, बाई? दुसऱ्यानं जवाब द्यायला पायजे."

डॉक्टर हसल्या. "आणि ते वर्तुळांचं चित्र जपानी लोकांनी काढलेलंच नाही बरं का. पण सरकारी भिंतीला चित्र लागतं."

यंत्र म्हणजे कपाळाला बांधायची बोटभर रुंद पट्टी. तिचं शास्त्र डॉक्टरांनी शिवलीलेला चहा पाजता पाजता सांगितलं होतं. माणूस एकदम जागा होत नाही. डोळे उघडण्याआधी मिनिट-दीड मिनिट मेंदू दिवसाची मोट बांधतो. काल कुठं होतो, आज कुठं जायचं, कशाकडं. त्याच सुमाराला मूत्रपिंडावरच्या टोपीसारख्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात सोडू लागतात आणि अर्ध्या तासात ते दीडपट होतं. शरीर जणू आगीवर फुंकर घालून घेतं. ज्याला उठायला कारण आहे, त्याची ही फुंकर लांब आणि सलग असते. ज्याला नाही, त्याची तुटक. पट्टी घामातून ते द्रव्य मोजते आणि कपाळातून मेंदूची लहर टिपते. चाळीस सकाळी टिपून झाल्या की माणसाला त्याच्या आयुष्यातली चित्रं दाखवायची, आवाज ऐकवायचे, आणि बघायचं, कोणत्या चित्राला तीच पहाटेची लहर उमटते. तोच त्याचा हेतू. शंभरापैकी अंकही मिळतो.

पंचक्रोशीत या पट्टीनं कमी गोंधळ घातला नव्हता. निवृत्त हेडमास्तरांचा हेतू निघाला स्टँडवरचा चहा, तेव्हापासून त्यांच्या बायकोनं घरात चहा करणं सोडलं. माजी सरपंचांचा निघाला शेजाऱ्याचा आंबा. तो वाळावा म्हणून हा माणूस रोज पहाटे उठून बघत होता.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. आबांच्या काळजाची एक झडप निकामी झाली होती. नवी झडप बसवायची तर जिल्ह्याच्या यादीत नाव लागायला हवं, आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांसाठी नवा नियम होता : नव्वद सकाळी पट्टी बांधायची, आणि अंक एकदाही पंचविसाच्या खाली जाता कामा नये. ज्यांचा जातो ते ऑपरेशननंतर वर्षभरही टिकत नाहीत, असं आकडे सांगत होते. आकडे खोटे असते तर भांडता तरी आलं असतं. ते खरे होते.

डॉक्टरांनी चित्रं सुरू केली. आबांना नीट दिसत नव्हतं म्हणून नावं सांगितली, आवाज ऐकवले. कैलासवासी आईचा फोटो, "ही सगुणा": पडद्यावर बारीकशी लहर. खळ्यातला बैल, गावचं देऊळ, डफाची थाप: लहर चढली, उतरली. मग शिवलीलेचा आवाज: "आबा, चहा झाला."

रेघ सरळ राहिली.

डॉक्टरांनी पुन्हा ऐकवला. रेघ सरळच.

"असं होतं," डॉक्टर तिच्याकडं न बघता म्हणाल्या. "रोजची माणसं यात दिसत नाहीत. पायाखालची जमीन कुणी बघतं का?"

"पुढचं लावा," शिवलीला म्हणाली.

पुढचं म्हणजे तिनंच घरून आणलेली एक जुनी ध्वनिफीत होती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा सामना. त्यात एक जाड, खर्जातला आवाज उठला :

*बिनपायांची नार निघाली, चांदणीला शिवून आली,*
*उंबरा ना ओलांडला, घरात बसून फिरून आली,*
*मौला म्हणे तुऱ्यावाल्या, सांग ती नार कोण झाली?*

पडद्यावर लहर उभी राहिली. नागानं फणा काढावा तशी. आबांचे ओठ हलले. "नजर," ते पुटपुटले. "नजर, रे गाढवा."

"चौसष्ट," डॉक्टर म्हणाल्या. "हे कोण?"

"मौला शिकलगार," शिवलीलेनं सांगितलं. "आबांचा वैरी."

*

वैर होतं, पण बांधाचं नव्हतं, पाण्याचं नव्हतं. कलगी-तुऱ्याचं होतं. कलगीवाले म्हणणार, शक्ती मोठी; तिच्यावाचून शिव म्हणजे शव. तुरेवाले म्हणणार, शिव मोठा; त्याच्यावाचून शक्ती म्हणजे नुसता वारा. एकानं भेदिकातून, म्हणजे कूटकवनातून, सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब बांधायचा. आबांच्या डफाला तुरा, नदीपलीकडच्या कवठ्याच्या मौला शिकलगाराच्या डफाला कलगी. अडतीस वर्षं हे दोघं एकमेकांशी पद्याशिवाय एक शब्द बोलले नव्हते.

सामने बंद पडले, ऐकणारे उरले नाहीत, फडातले झिलकरी, मागं सूर धरणारे, एकेक करून मातीला गेले. पण सवाल थांबले नाहीत. दर सोमवारी संस्थेचा दुधाचा टँकर कवठ्याहून यायचा, आणि ड्रायव्हर सर्जेराव मौलाची चिठ्ठी शिवलीलेच्या हातात ठेवायचा. ती घरी येऊन आबांना वाचून दाखवायची. आबा डफ मांडीवर घेऊन बसायचे. जवाब जमला की ती लिहून घ्यायची, आणि गुरुवारच्या टँकरनं तो नदीपार जायचा. जगात या दोघांच्या कवनांचा एकच वाचक होता, आणि त्या वाचकाला कुणी विचारात घेतलेलं नव्हतं. ती तुऱ्याच्या घरची लेक. पण बाईनं डफाला हात लावायचा नसतो. शक्तीचं मोठेपण गायलाही पुरुषच लागतो.

पट्टीच्या साठाव्या सकाळी टँकर आला आणि सर्जेराव रिकाम्या हातानं उतरला.

"अक्का, म्हातारा गेला," तो म्हणाला. "शुक्रवारी. माती पण झाली."

शिवलीलेच्या हातातली काचेची नळी तशीच राहिली. तिच्या मनात आधी आलं, ते मौला नव्हता. चौसष्ट हा आकडा आला.

"सर्जेराव, हे आबांपर्यंत जाऊ द्यायचं नाही."

"आज ना उद्या कळंलच की."

"नव्वद सकाळी होऊ देत. मग बघू."

घरी येऊन तिनं सांगितलं, टँकर बदललाय, चिठ्ठी उशिरा येईल. आबांनी डफ खुंटीला अडकवला. दुसऱ्या सकाळी पट्टी बावन्न. तिसऱ्या सकाळी एकोणचाळीस. चौथ्या सकाळी म्हातारा हाक मारूनही उठेना. "कशाला उठू?" म्हणाला, "काय ठेवलंय?" पट्टीवर एकतीस.

तेव्हा शिवलीला दूध संस्थेत बसून, फॅटच्या नोंदवहीतलं मागलं पान फाडून, आयुष्यातला पहिला सवाल लिहायला बसली. पाण्यात राहते, पाण्यानं भिजत नाही, असा काहीसा. शेवटी घातलं, 'मौला म्हणे'.

आबांनी ऐकला आणि डफही उचलला नाही. "कमळाचं पान. ह्याला काय झालंय? बालवाडीत शिकवाय लागला काय मौला? म्हातारचळ लागला त्याला."

पण शिवी द्यायला म्हणून का होईना, म्हातारा उठून बसला होता. दुसऱ्या दिवशी पट्टी म्हणाली, एक्केचाळीस.

*

वाईट सवालानं माणूस जेमतेम जगतो, हे तिला कळलं. चांगला हवा होता.

ती रस्त्यानं जाताना ओळी मोडून बघू लागली. फॅट काढताना, भाकरी थापताना, आबांच्या पायांना तेल लावताना. अडतीस वर्षांचे मौलाचे सवाल तिला तोंडपाठ होते. तो कुठं फसवतो, कुठं श्वास घेतो, चौथ्या ओळीत खोटी वाट कशी दाखवतो. आईच्या जात्यावरच्या ओव्याही होत्या. त्यांचा ठेका आपसूक हाताखाली यायचा, पिठासारखा. आणि एका सोमवारी तिनं वाचलं :

*जिती असता पाला खाल्ला, मेल्यावरती थाप खाल्ली,*
*जिती असता बें बें केलं, मेल्यावरती वेद बोलली,*
*मौला म्हणे तुऱ्यावाल्या, जग धुंडून थकशील पण*
*नार तुझ्या मांडीवरती, कधी उठून नाही गेली.*

आबा तीन दिवस डफ मांडीवर घेऊन बसले. देहातल्या बहात्तर नाड्या झाल्या, चारी वाणी झाल्या, कुंडलिनी झाली. चौथ्या सकाळी डफावर बोटं आपटता आपटता त्यांचा हात थांबला. ते डफाकडं, म्हणजे जिथं डफ असावा तिकडं, बघत राहिले. मग असे हसले की झडपेची धाप लागली.

"कातडं! डफाचं कातडं, लिले! माझ्या मांडीवर बसवून मला गावभर हिंडवला त्यानं. हा मौला मरायला टेकल्यागत गात होता गं. आता बघ, तरणा झालाय."

पट्टी : सत्त्याहत्तर.

शिवलीला चुलीकडं तोंड करून उभी राहिली. असं कौतुक तिच्या भाकरीलाही कधी मिळालं नव्हतं.

त्या दिवसापासून एक गंमत तिनं सुरू केली. मौला आणि लीला. दोन्ही शब्दांचं वजन सारखं, एकाच मापाची दोन मापटी. ती कागदावर लिहायची 'लीला म्हणे', आणि वाचताना म्हणायची 'मौला म्हणे'. आबांना कागद दिसत नव्हता. चोरी म्हणावी तर आपल्याच घरात, आपल्याच मालाची.

नव्वद सकाळी पार पडल्या. झडप बसली; पट्टी मात्र पुढं वर्षभर सुटणार नव्हती. नव्या झडपेची बारीक टिकटिक शांत घरात ऐकू यायची, आबा म्हणायचे, "मौलानं आत झांज बसवली." केंद्राच्या यादीत त्यांचा अंक ब्याऐंशी, अख्ख्या जिल्ह्यात पहिला. डॉक्टर टेंगशे घरी येऊन गेल्या.

"तुम्ही नक्की काय करता?" त्यांनी अंगणात शिवलीलेला विचारलं.

"काही नाही. चिठ्ठ्या वाचते."

"तुमची पण पट्टी बघू या का? मागं एकदा घेतली होती. एकोणीस होता तुमचा अंक."

तिनं बांधली. सातच सकाळी. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "चौऱ्याहत्तर. ताई, काय सापडलं तुम्हाला?"

"दूध तापत ठेवलंय," म्हणून तिनं फोन ठेवला. जे सापडलं होतं, ते दुसऱ्याच्या नावानं ऐकलं जात होतं.

*

भूक लागते ती पोटालाच, असं नाही. तीस सवाल झाले, तीस जवाब आले. प्रत्येक जवाबानंतर आबा मौलाची तारीफ करत. "कलगी जिती आहे तोवर तुरा हलणार." कधी म्हणत, "मला पोरगा असता तर मौलाकडं शिकायला धाडला असता. वैरी असला म्हणून काय." शिवलीला ताट पुढं करायची. मीठ कमी आहे का, विचारायची.

चैत्र सरताना तिनं एक सवाल लिहिला. तो तिनं दूध संस्थेत नाही, घरात, आबांच्या समोर बसून लिहिला, आणि लगेच वाचला :

*घर राखिते, दार राखिते, उंबऱ्यावर नाव नाही,*
*वैऱ्याच्या गळ्यानं गाते, तिच्या गळ्याचा ठाव नाही,*
*रोज पहाटे उठवी तुजला, तरी तुझा भाव नाही,*
*मौला म्हणे तुऱ्यावाल्या, तिचं नाव सांग काही.*

"आता कसं," आबा मांडी घालून बसले. "ही खरी कूट."

पहिला जवाब गेला : माया. तिनं मौलाच्या वतीनं 'चूक' म्हणून सांगितलं. दुसरा : भूक. ती रोज उठवते, वैरीण आहे. चूक. तिसरा : चिंता. चौथा : परा वाणी. पाचवा : तृष्णा. आबा जुन्या वह्या तिच्याकडून वाचून घेऊ लागले. भेदिकात नार म्हणजे कधीच नार नसते; ती निद्रा असते, काया असते, चैतन्य असतं. ऐंशी वर्षांत त्यांनी हजार नारी ओळखल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीलाही हातपाय नव्हते. ही हातपायांची नार त्यांच्या पाठीला उशी लावत होती, औषध चमच्यात ओतत होती, आणि ते छताकडं तोंड करून विचारत होते, "उंबऱ्यावर नाव न्हाई... मग इच्छा का?"

"आबा, जरा जवळचं बघा की," ती एकदा म्हणाली.

"जवळचंच बघतोय. देहातलंच."

तीन आठवडे गेले. एका रविवारी सकाळी तिनं बघितलं, तर आबा अंघोळ करून, पांढरं धोतर नेसून ओट्यावर बसलेले. मांडीवर डफ. बोटांनी चाचपत ते डफाचा तुरा सोडत होते. बापजाद्यांपासूनचा, मोरपिसांचा, जरीच्या दोऱ्यानं बांधलेला.

"हे काय करताय?"

"जीप सांगितलीया. दहाला येती. कवठ्याला जायचं." गाठ सुटेना, त्यांनी दात लावले. "हरलो मी, लिले. हरलेल्यानं आपल्या हातानं तुरा सोडून जितलेल्याच्या डफाला बांधायचा. रीत आहे. अडतीस वर्षांत त्यानं मला एकदा हरवला, पण असा हरवला की... त्याच्या हाताला हात लावून येतो. सोड ही गाठ."

शिवलीला खाली बसली. जीप गेली असती तर मौला मातीत असल्याचं कळलं असतं; ते एक झालं. पण तिला उठवलं ते त्या तुऱ्यानं. तिनं जिंकलेला तुरा मातीत निजलेल्या माणसाला द्यायला निघाला होता तिचा बाप.

"आबा, मौला न्हाई."

"कुठं गेलाय?"

"वारले. भाद्रपदात. आठ महिने झाले."

बोटं थांबली. झडपेची टिकटिक तेवढी चालू होती.

"आणि सवाल?"

"ते मी लिहिले. कमळाच्या पानापासून सगळे. डफाच्या कातड्याचा मी लिहिला. पहिले एक-दोन सोडले तर कागदावर मौलाचं नाव नाही, आबा, माझं आहे. लीला म्हणे. वाटलं तर कुणाकडूनही वाचून घ्या." तिनं कागदांच्या पिशवीवर हात ठेवला. "तुमचा अंक पडत होता. झडप मिळाली नसती."

आबांनी मांडीवरचा डफ सरळ केला. मग फडात विचारावं तसं, सावकाश म्हणाले, "सवाल टाकणाऱ्याला जवाब ठाऊक असाय लागतो. बोल. घर राखिते, दार राखिते. कोण ती?"

"लेक," शिवलीला म्हणाली.

"काय?"

"लेक. मी."

आबांनी मान वळवली. विझलेल्या डोळ्यांनी तिच्याकडं, तिच्या जरा डावीकडं, बघितलं. आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. तीन आठवड्यांचं ओझं उतरावं तशी.

"लेक हा जवाब न्हाई होत, पोरी," ते म्हणाले, रागानं नाही, समजावून. "भेदिकात लेक कुठं असती? लेक काय तत्त्व आहे? नाडी आहे, का वाणी आहे? ही तर घरातली गोष्ट झाली. कच्चा सवाल. ह्याला जवाबच न्हाई, म्हणून मला सापडंना." त्यांनी सैल झालेला दोरा पुन्हा घट्ट आवळला. "म्हणजे मी हरलो न्हाई."

"आबा..."

"हा तुझा असणार. मान्य. ऐकला तवाच शंका यायला पायजे होती. मौला असलं रडगाणं घालायचा न्हाई. पण बाकीचे?" ते हसले. "डफाचं कातडं तुझं? लिले, बापाला हसवू नको. फडाची माती लागल्याबिगर तसलं सुचत न्हाई."

"मीच लिहिलाय. दूध संस्थेत बसून."

"उतरवून काढला असशील, त्याला लिहिणं म्हणत्यात होय?" आबांनी एकाएकी डफ छातीशी धरला. "कळलं मला. त्याला ठाऊक होतं आपण जाणार. मग माझं कसं व्हायचं, म्हणून त्यानं गठ्ठा बांधून ठेवला. माझ्यासाठी. आणि तुझ्या हातात दिला, दर सोमवारी एक काढ म्हणून. शपथ घातली असंल, सांगू नको म्हणून." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "आठ म्हैने मातीत निजून माझ्याशी भांडला गं. वैरी असावा तर असा. पोटचं कोण करंल एवढं?"

बाहेर जीप येऊन थांबली. आबांनी ती परत लावून दिली. मौलाच्या कबरीवर जाऊन करायचं काय, म्हणाले. मौला तर इथं आहे.

शिवलीला ओट्याच्या खांबाला टेकून उभी होती. तिच्या पिशवीत तीस कागद होते, जवळजवळ प्रत्येकावर तिचं नाव. गावात वाचणारी माणसं होती. हेडमास्तर होते, डॉक्टर होत्या. एका तासात तिला ते सिद्ध करता आलं असतं. आणि उद्या सकाळी पट्टीवर काय दिसलं असतं, तेही तिला ठाऊक होतं. घरच्या घरात कसला सामना?

"लिले," आबा म्हणाले. लहान पोरानं खाऊच्या डब्याकडं बघत विचारावं तसं. "अजून किती उरलेत गं गठ्ठ्यात?"

तिनं त्यांच्याकडं बघितलं. धोतराचा सोगा घसरला होता, तो तिनं सवयीनं सारखा केला.

"मोजले नाहीत," ती म्हणाली.

"मोजू नको. मोजून देणारा न्हवता तो." ते समाधानानं मागं टेकले. "उद्याचा तळातनं काढ. चांगले सवाल मौला तळाला घालणार."

त्या दिवशी तिनं भाकरी केली, भांडी घासली, अंगण झाडलं. लिहिलं काही नाही. दुसऱ्या सकाळी पट्टीनं नव्वद दाखवले. एवढे कुणाचेच आले नव्हते, डॉक्टरांचा अभिनंदनाचा फोन साडेआठलाच येऊन गेला. आबा तिच्याआधी उठून, तोंड धुऊन, डफ घेऊन ओट्यावर बसले होते.

"आणलास का तळातला?"

"आणलाय."

शिवलीलेनं पिशवीत हात घातला. हाताला आला तो कागद काढला. कोरा. तो दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरून तिनं घसा साफ केला, आणि मौलाचा सवाल वाचायला सुरुवात केली.